उभ्या घराचा हक्क

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. यातल्या ‘नवा’ या शब्दावर फार विसंबू नये. नव्या जालन्याच्या बाजूलाच कादराबादसारखी वस्ती आहे आणि तिच्या गल्ल्या मोटारीचा शोध लागण्याआधीच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. दगडाचं जोतं, हातभर जाडीच्या माती-चुन्याच्या भिंती, वर माळवद, दारापुढे थेट गल्लीत उतरणारा ओटा आणि शेजारच्या भिंतीला चिकटलेली भिंत, अशी घरं मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या पेठेत सापडतात. आतला लाकडी जिना इतका अरुंद आणि अंधारा असतो की नवखा पाहुणा हात भिंतीवर टेकवूनच वर चढतो.

असं घर आज नव्याने बांधायचं म्हणून कुणी नकाशा काढला आणि महापालिकेत दाखल केला, तर तो मंजूर होणार नाही. राज्याच्या सध्याच्या नियमावलीप्रमाणे दाट वस्तीतली गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल, तर गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर जागा सोडून बांधावं लागतं. ओटा तर गेलाच, पुढच्या खोलीचाही घास जातो. जिन्याची रुंदी, खोल्यांचा उजेड-वारा, संडासाची जागा यांचे नियम वेगळेच.

मग आज उभं असलेलं ते घर बेकायदा ठरतं का? नाही. का नाही, हे मात्र घरमालकांना नीट माहीत नसतं. काही वेळा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यालाही नसतं, आणि तो सल्ला तर ठामपणे देतो.

जालनेकरांना हा प्रश्न आत्ताच पडण्याला दोन कारणं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबईसारखे काही अपवाद वगळून साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बांधकाम क्षेत्रातली माणसं तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तोवर नगरपालिकांना एक नियम, महापालिकांना दुसरा आणि गावांना तिसरा अशी अवस्था होती. दुसरं कारण २०२३ सालचं. त्या वर्षी जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली चालणारं शहर १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली आलं. तीन वर्षांच्या आत नियमही बदलले आणि नियम राबवणारी संस्थाही बदलली. नगरपालिकेने दिलेले परवाने महापालिका आल्याने रद्द होत नाहीत. अशा संक्रमणासाठी कायद्यात तरतुदी आहेत आणि जुन्या संस्थेने केलेली कामं नव्या संस्थेने केली असं मानलं जातं. पण परवाना हाताशी असेल तरच याचा उपयोग.

या साऱ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याचा रोख ‘विकास करणे’ या क्रियेवर आहे. कलम ४३ सांगतं की परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलू नये किंवा विकास करू नये. जे आधीच उभं आहे, ते या क्रियेत बसत नाही. शिवाय त्याच कलमात सूट आहे: इमारतीच्या आतल्या भागापुरतं किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारं दुरुस्ती-देखभालीचं काम असेल, तर त्याला परवानगीची गरज नाही. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकणं, कुजलेलं लाकूड बदलणं, गिलावा करणं यासाठी कुणी महापालिकेच्या दारात उभं राहायची गरज नाही.

खरी गंमत अर्धवट बांधकामाच्या वेळी सुरू होते. समजा, मंठा चौफुलीपलीकडे एकाच रस्त्यावर तीन प्लॉट आहेत. पहिल्यावर घर पूर्ण झालंय, भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय. दुसऱ्यावर परवाना घेऊन काम सुरू आहे, पहिला स्लॅब पडलाय. तिसऱ्याचा नकाशा मालकाने दाखल केलाय, पण मंजुरी यायची आहे. अशा वेळी नियम बदलतो आणि बाजूला सोडायचं अंतर वाढतं.

पहिल्याला काही होत नाही. दुसऱ्याच्या पाठीशी कलम ५१ उभं आहे. दिलेली परवानगी मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे, पण मालकाचं म्हणणं ऐकूनच. आणि झालेल्या कामाला तो आदेश लागू होत नाही. काम बरंच पुढे गेलं असेल किंवा पूर्ण झालं असेल, तर असा आदेश काढताच येत नाही. त्याआधी परवानगी काढून घेतली, तर मालकाने तिच्या भरवशावर केलेल्या खर्चाची भरपाई मागता येते. म्हणजे सरकारने शब्द फिरवला तर त्याची किंमत सरकारनेच मोजावी, असा हा हिशेब आहे. २०२० च्या नियमावलीतही तोच विचार दिसतो. जुन्या नियमांनी मिळालेली परवानगी वैध राहते. मालकाने हवं तर जुन्या नकाशाप्रमाणेच बांधकाम पूर्ण करावं, हवं तर नव्या नियमांनी सुधारित मंजुरी घ्यावी. एवढंच नव्हे, तत्त्वतः मान्यता होऊन शुल्क भरण्याचं पत्र निघालं असेल, तरी ती ‘कार्यवाही झाली’ असं धरलं जातं.

दुसऱ्या प्लॉटवाल्याला एक इशारा मात्र द्यायला हवा. बांधकाम परवाना अमरपट्टा घालून येत नाही. तो एका वर्षाचा असतो. दर वर्षी वाढवून घेतला तर एकूण चार वर्षांपर्यंत चालतो. जोत्यापर्यंत काम झालं की नूतनीकरणाची कटकट संपते. पण भूमिपूजनाचा नारळ फोडून, चार खड्डे खणून, पैशाअभावी काम तसंच सोडलं आणि मुदत संपली, तर पुन्हा अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला नवे नियम लागतात. मोसंबीच्या किंवा कपाशीच्या एका हंगामावर घराचं काम पुढे-मागे ढकलणाऱ्या या जिल्ह्यात ही अडचण काल्पनिक नाही.

तिसरा माणूस सर्वात अडचणीत. त्याला वाटतं, मी अर्ज केला तेव्हा जुना नियम होता, फाइल कार्यालयात पडून राहिली हा माझा दोष नाही, तेव्हा मला जुनाच नियम लावा. हे ऐकायला न्याय्य वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलेलं नाही. पुणे कॅन्टोन्मेंटचं उस्मान गनी खत्री प्रकरण १९९२ साली निकाली निघालं. तिथे बांधकामाचे नियम कडक झाले आणि ज्यांचे नकाशे मंजुरीच्या वाटेवर होते, त्यांनी जुन्या नियमांचा आग्रह धरला. न्यायालयाने सांगितलं की नकाशा मंजूर होण्याच्या दिवशी जे नियम लागू असतील, त्यांप्रमाणेच मंजुरी देता येते. हावडा महापालिका आणि गँजेस रोप कंपनी यांच्या वादात डिसेंबर २००३ मध्ये हाच विचार पुन्हा मांडला गेला: अर्ज दाखल केल्याने जुन्या नियमांवर कायमचा हक्क बसत नाही.

हे कडक आहे, पण त्यामागचा तर्क नाकारता येत नाही. नियम बदलणार अशी कुणकुण लागली की कार्यालयांत नकाशांचा पाऊस पडतो, हा सगळ्या शहरांचा अनुभव आहे. नुसत्या अर्जाला संरक्षण दिलं, तर नवा नियम कागदावरच राहील. तरीही फाइल दाबून ठेवणाऱ्या यंत्रणेला यातून मोकळीक मिळते, हे खटकतंच. कायद्याने ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची सोय केली आहे, पण तीही नकाशा नियमांत बसत असेल तरच कामाची.

आता पुन्हा जुन्या पेठेकडे. महानगरपालिका अधिनियमात रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवण्याची तरतूद आहे. बोलीभाषेत तिला कुणी रस्तारेषा म्हणतं, कुणी नुसतं ‘मार्किंग’. आयुक्त रेषा ठरवतात, ती कागदावर घरांच्या अंगावरून जाते. पण रेषा आखली म्हणून दुसऱ्या दिवशी भिंत पाडावी लागत नाही. मालक घर पुन्हा बांधायला निघाला, किंवा जमिनीवरच्या बांधकामाचा निम्म्याहून जास्त भाग उतरवायला निघाला, की पालिका म्हणते, आता मागे सरका. सुटलेल्या पट्ट्याची भरपाई द्यावी लागते. घर उभं आहे तोवर उभं राहू द्यायचं आणि ते आपल्या आयुष्याने संपलं की रस्त्याने आपला वाटा घ्यायचा, असा हा धीराचा मार्ग आहे. यात एका रस्त्याचं रुंदीकरण दोन पिढ्या चालतं. त्यामुळे जुन्या बाजारपेठांत काही दुकानं दोन-तीन फूट मागे आणि शेजारची पुढे अशी दातेरी ओळ दिसते.

याच तरतुदीने एक कसबही जन्माला घातलं. निम्मं घर उतरवलं की रेषा लागू होते, म्हणून एका वर्षी एक भिंत, पुढच्या वर्षी दुसरी, मग वरचं माळवद काढून स्लॅब, असं हप्त्याहप्त्याने घर आतून नवं करायचं. जुन्या पेठांतल्या गवंड्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. यातलं कायदेशीर किती आणि पळवाट किती, हे प्रत्येक घरागणिक ठरतं. आणि भार सहन करणाऱ्या भिंती तुकड्यांनी बदलण्यात जिवाचा धोका असतो, तो वेगळाच. महापालिकेला घाई असेल तर आयुक्त घर उभं असतानाही रेषेपर्यंत मागे घेण्याची कार्यवाही करू शकतात. पण तेव्हा नोटीस, म्हणणं ऐकणं आणि भरपाई हे टप्पे चुकत नाहीत.

१९६६ च्या कायद्यातलं कलम ५६ याहून पुढे जातं. पूर्णपणे अधिकृत इमारतसुद्धा विकास योजनेच्या दृष्टीने नकोशी झाली, तर ती बदलायला, काढायला किंवा तिथला वापर थांबवायला पालिका सांगू शकते. मालक राज्य शासनाकडे अपील करू शकतो आणि नुकसानीची भरपाई मागू शकतो. म्हणजे उभ्या घराचं संरक्षण हे ‘कुणी हात लावू शकत नाही’ अशा जातीचं नाही. हात लावायचा तर मोबदला द्या, एवढंच ते म्हणतं. बहुतेक पालिकांची तिजोरी पाहता हे ‘एवढंच’ पुरेसं ठरतं.

वयाचा मान न राखणारे कायदेही आहेत, आणि ते असायलाच हवेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ जुन्या इमारतींनाही लागू होतो. मंगल कार्यालय वीस वर्षांपूर्वीच्या परवान्याने बांधलं, म्हणून आगीपासूनच्या उपाययोजना नकोत असं म्हणता येत नाही. त्या सुस्थितीत आहेत याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची बांधकाम-तपासणी, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. इमारत धोकादायक ठरली तर ती किती जुनी आणि किती अधिकृत, हा प्रश्न मागे पडतो. मोकळ्या जागेच्या नियमात जुन्याला सूट आणि जीविताच्या नियमात नाही, ही विभागणी रास्त आहे.

हे केवळ आपल्याकडचं त्रांगडं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची अजस्र इमारत पूर्ण झाली. तिने आसपासच्या रस्त्यांचा सूर्यप्रकाश असा गिळला की पुढच्याच वर्षी शहराने इमारतींच्या आकारावर बंधनं घालणारा नियम केला. ज्या इमारतीमुळे नियम झाला, ती मात्र आजही दिमाखात उभी आहे. मॅनहॅटनमधल्या सुमारे ४० टक्के इमारती आजच्या नियमांनुसार बांधताच येणार नाहीत, असा हिशेब ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये मांडला होता. जुन्या जालन्यात असा हिशेब मांडला तर टक्का बहुधा याहून वरच जाईल.

इथवर जे सांगितलं, ते सारं ‘त्या वेळी कायदेशीर असलेल्या’ बांधकामाबद्दल. घोटाळा होतो तो इथे. बांधकाम जुनं आहे म्हणजे सुरक्षित आहे, असा समज पसरलेला आहे. ब्रिटनमध्ये विनापरवाना बांधकामावर ठरावीक काळात कारवाई झाली नाही तर पुढे ती करता येत नाही. ती मुदत इंग्लंडमध्ये आता दहा वर्षांची आहे. महाराष्ट्रात अशी मुदत नाही. परवानगी न घेता किंवा मंजूर नकाशा मोडून केलेलं बांधकाम पंचवीस वर्षांनीही तेवढंच अनधिकृत राहतं. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात पाच मजल्यांची मंजुरी असताना वर मजले चढत गेले, एक इमारत तर वीस मजल्यांपर्यंत गेली. लोक वर्षानुवर्षं राहिले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या जादा मजल्यांना संरक्षण नाकारलं.

दुसरा समज घरपट्टीचा. ‘आम्ही वीस वर्षं घरपट्टी भरतो, वीजमीटर आमच्या नावावर आहे’ हे वाक्य प्रत्येक सुनावणीत ऐकू येतं. घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे. कायद्याने तर अनधिकृत बांधकामावर दुप्पट कराची शास्ती बसवण्याचीही सोय केली आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीवरून बरीच वर्षं राजकारण तापलं. ही शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

नियमित करण्याचे रस्ते निराळे. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून झालेल्या वसाहतींसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. त्याची मूळ मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या घरांसाठी होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. शुल्क भरून नियमित झालेलं घर पुढच्या नियमबदलात पहिल्या प्लॉटवाल्याच्या रांगेत येऊन बसतं. न झालेलं घर रांगेबाहेरच.

त्याचा अर्थ काय होतो, ते शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात दिसलं. जून २०२५ मध्ये तिथल्या महापालिकेने रस्ते मोकळे करण्यासाठी पाडापाडी हाती घेतली आणि मुकुंदवाडीत जालना रोडलगतची बांधकामं जमीनदोस्त झाली. अशा वेळी हातात मंजूर नकाशा असणारा भरपाईची भाषा बोलू शकतो. नसणाऱ्याकडे फक्त विनंती उरते. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी आणि चित्रीकरण बंधनकारक केलं, नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारीही टाकली. पण सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय यांवरच्या अनधिकृत बांधकामाला त्या निर्देशांतून वगळलं आहे. कुंडलिकेच्या पात्राला खेटून राहणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

खेड्यात चित्र थोडं वेगळं आहे. अंबड, भोकरदन, घनसावंगीकडच्या गावठाणातली घरं पिढ्यान् पिढ्यांची. परवाना हा प्रकारच तेव्हा नव्हता. तिथे घर आधीचं आहे हे सिद्ध करणं एवढाच प्रश्न असतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा आजवरचा मुख्य आधार. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आणि सनदा मिळू लागल्या. यावरून घराची हद्द कळते, मजला केव्हा चढला ते कळत नाही. जुन्या घरांचे काही कागद उर्दूत किंवा मोडीत असतात आणि वारसांना ते वाचता येत नाहीत म्हणून ट्रंकेच्या तळाशी जातात. निजामकाळातली एक नोंद काय करू शकते, हे मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने गाजलेल्या अंतरवाली सराटीच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

घर पाडून नवं बांधायचं असेल तर जुन्याचे सारे हक्क नव्याला मिळतील असं धरून चालू नये. अनेक कुटुंबांच्या जुन्या अधिकृत इमारतींसाठी नियमावलीत सवलत आहे. आधी वापरलेलं चटईक्षेत्र ग्राह्य धरून वर काही वाढीवही मिळतं. एकट्या घराला मात्र बहुतेक वेळा आजचीच अंतरं सोडावी लागतात. म्हणून जुनं घर उतरवण्याआधी त्याची मोजमापं, छायाचित्रं आणि सिटी सर्व्हेचा उतारा हाती असावा. पाडलेल्या घराचा पुरावा नंतर गोळा होत नाही.

जालन्यात ज्यांच्याकडे बांधकाम परवाना, मंजूर नकाशा किंवा भोगवटा प्रमाणपत्र नाही, त्यांनी महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत मागावी. माहितीच्या अधिकारातही ती मागता येते. आपल्या जागेवरून विकास योजनेचा रस्ता किंवा आरक्षण जातं का, हे भाग नकाशावर आजच पाहता येतं. आणि विकास योजनेचा नवा मसुदा जाहीर झाला, तर हरकत नोंदवायला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून फक्त ३० दिवस मिळतात. वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली जाहिरात वाचून कात्रण जपून ठेवा.